डेकवरच्या विजयाताई

विजयाताई कदमांना पोहता येत नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण इतकी वर्षं मला धीर देणारी अशी ही एकच गोष्ट होती. मी विद्यापीठाच्या संघातून ब्रेस्टस्ट्रोक पोहलेला माणूस. पिंपरी-चिंचवडच्या तलावांवर जलतरण स्पर्धांचा पंच म्हणून मी उभा राहू लागलो, तेव्हा विजयाताई दापोडीच्या एका शाळेत भूगोल शिकवत होत्या आणि घोट्याच्या वर पाण्यात त्यांचा पाय कधी गेला नव्हता. तरीही आज आमच्याकडच्या कुठल्याही स्पर्धेत पांढऱ्या कपड्यांत उभ्या असलेल्या पंचाला विचारा, तुला हे कुणी शिकवलं? नाव त्यांचंच येईल. माझ्याबद्दल विचारलंत तर म्हणतील, "हां, सुधीर सर. नियमांचे एकदम पक्के आहेत."

यात कौतुक किती आणि लांबून केलेला नमस्कार किती, ते मला कळतं.

गंमत म्हणजे त्यांना डेकवर आणलं मीच. तलावाच्या काठाला आम्ही डेक म्हणतो. शाळाशाळांची स्पर्धा होती आणि वेळ घेणारी माणसं कमी पडली होती. विजयाताई शाळेच्या मुलांना घेऊन आलेल्या. बुटक्या, जाडसर, हातात छत्री, बांगडीला सेफ्टी पिनांचा झुबका. मुलांच्या चपला एका रेषेत लावून त्या उभ्या होत्या. मी एक स्टॉपवॉच त्यांच्यापुढे धरलं.

"मॅडम, जरा मदत कराल का? फक्त बटण दाबायचंय."

"फक्त बटण दाबायचं असतं तर तुम्ही एवढे घामाघूम कामून झालात?" त्या म्हणाल्या. त्या मूळच्या परभणीच्या. नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे येऊन निम्मं आयुष्य गेलं होतं, पण ते 'कामून' काही गेलं नव्हतं.

मी त्यांना समजावलं. सुरुवात होते तेव्हा भोंगा वाजतो आणि दिवाही लागतो. आपण दिवा बघून बटण दाबायचं, कारण आवाज पोहोचायला किंचित उशीर होतो. त्यांनी मान डोलावली. पहिली शर्यत सुटली. दुसरी सुटली. मग त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, ती पलीकडची चौघंजणं दिव्याकडं बघतच न्हाईत. पोरांकडं बघायलेत. आवाजावर दाबायलेत."

त्या चौघांना मीच शिकवलं होतं. पडद्यावर चित्रं दाखवून, लेसर लाइट फिरवून. मी सांगितलं होतं, पण ते करतात की नाही हे मी कधी पाहिलं नव्हतं. या बाई आल्यापासून अर्धा तास झाला नव्हता आणि त्यांनी पाहिलं. हेव्याची सुरुवात कुठून झाली असं कुणी विचारलं, तर मी त्या क्षणाकडे बोट दाखवीन.

पुढे त्यांनी रीतसर परीक्षा दिली, पास झाल्या, आणि दोनचार वर्षांत नवे पंच तयार करण्याचं काम संघटनेनं आम्हा दोघांवर सोपवलं. सकाळी मी नियम शिकवायचे, दुपारी त्यांनी प्रात्यक्षिक घ्यायचं. माझ्या तासाला लोक चहाचा कप आणि मोबाइल घेऊन बसत. त्यांच्या तासाला कुणी बसतच नसे, कारण त्या बसू देत नसत. शाळेच्या व्हरांड्यात त्या सगळ्यांना भिंतीसमोर उभं करायच्या. दोघांनी धावत येऊन भिंतीला हात लावायचे, बाकीच्यांनी वाकून बघायचं, दोन्ही हात एकदम टेकले की मागेपुढे. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वळताना आणि संपवताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात, नाहीतर पोहणारा बाद. हे मी एका वाक्यात सांगत असे. त्या अख्खी दुपार भिंतीशी घालवायच्या. बँकेतले अधिकारी, इंजिनिअर, पोरांच्या आया, सगळे घामेजून भिंतीवर आपटत असायचे आणि त्या मधोमध उभ्या राहून ओरडायच्या, "तोंडाकडं कामून बघायलास? तोंड कुठं बाद होतंय? हात बघ, लेकरा, हात!"

एकदा एका नव्या बॅचला घेऊन त्या दापोडीच्या बसथांब्यावर गेल्या. मला कळलं तेव्हा मीही गेलो. काय चाललंय ते बघायला, खरं सांगायचं तर काहीतरी खोट सापडेल म्हणून. दहाबारा शिकलीसवरली माणसं थांब्यावर ओळीनं उभी होती आणि बस आली की चढणाऱ्यांच्या पायांकडे टक लावून बघत होती.

"हिरव्या साडीवाल्या मावशी. कोणता पाय आधी?"

"डावा, मॅडम."

"नक्की?"

"डावाच असेल."

"असेल? मी काय म्हणाले? दिसलं तर सांग. दिसलं न्हाई तर न्हाई म्हण. 'असेल' हा शब्द घरी ठेवून यायचा."

एका बसचा कंडक्टर दारातून ओरडला, "ओ ताई, चढायचंय का नुसतं पाय बघायचेत लोकांचे?" विजयाताई तितक्याच मोठ्यानं म्हणाल्या, "तुम्ही डावा पाय टाकून उतरलात, उजवा टाकून चढलात. चला, घंटी मारा!" सगळा थांबा हसला. मीही हसलो. घरी येताना मात्र माझ्या डोक्यात एवढंच होतं की हे मला का सुचलं नाही. पिंपळे सौदागरला पोहोचेपर्यंत मी स्वतःला पटवून दिलं की हा सगळा पोरखेळ आहे. दुसऱ्या दिवशी चाकणला माझ्या कंपनीच्या गेटवर शिफ्ट सुटताना मी माणसांचे पाय बघत उभा होतो.

त्याच कंपनीत माझ्या हाताखाली प्रशांत म्हणून एक मुलगा होता. त्याला या कामाची गोडी मी लावली. शनिवार-रविवारी माझ्या गाडीवर मागे बसून तो तलावावर यायचा. मी त्याला नियमांतल्या बारीकसारीक जागा समजावून द्यायचो. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो कॅन्टीनमध्ये म्हणाला, "सर, तुम्ही सांगता ते सगळं बरोबरच असतं. पण मॅडमनी सांगितलं ना, की ते कळतं." इतक्या निरागसपणे बोलला की त्याच्यावर रागावताही येईना. मी ताटातली भाजी संपवली आणि लवकर उठलो.

त्यांच्याकडे काय होतं जे माझ्याकडे नव्हतं, याचा मी पुष्कळ विचार केला. त्या गोड बोलायच्या म्हणावं, तर तसंही नव्हतं. चुकलेल्याला त्या सगळ्यांसमोर धारेवर धरायच्या. पण स्पर्धेच्या दिवशी सकाळी आल्या आल्या पहिलं काम काय, तर डबा उघडायच्या. ज्वारीच्या भाकरी, लसणाची चटणी, कधी शेंगदाण्याची पोळी. नव्या पंचांनी आधी खायचं, मग पांढरी टोपी घालायची. "उपाशी माणूस चिडतो आणि चिडला की हात वर करतो," असं त्यांचं म्हणणं. पंचानं हात वर केला याचा अर्थ त्यानं कुणाची तरी चूक पाहिली. मग रेफरीनं जाऊन विचारायचं आणि त्या पोहणाऱ्याला बाद करायचं की नाही ते ठरवायचं. विजयाताई नव्यांना सांगायच्या, "त्या लेकरानं वर्षभर पहाटे उठून थंड पाण्यात उडी मारलीय. हात वर करताना तुला वाईट वाटलं पाहिजे. ज्या दिवशी मजा वाटायला लागंल, त्या दिवशी टोपी उतरवून घरी जा."

एका बॅचमध्ये एक आगाऊ तरुण होता. जुना राज्य पातळीचा खेळाडू. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, तुम्हाला पोहता येतं का?" मी मागे बसलो होतो. खोटं कशाला सांगू, मी खुर्चीत जरा पुढे सरकलो.

"न्हाई," विजयाताई म्हणाल्या. "तुला येतं ना? मग तू पोह. मी बघते. तुझं काय चुकलं ते तुला पाण्यातून दिसणारच न्हाई."

त्या मुलानं नंतर त्यांच्याकडून वर्षभर काम शिकून घेतलं. मी मात्र खुर्चीत मागे टेकलो तो टेकलोच.

एवढं सगळं सोसता आलं असतं. मुक्ताचं सोसलं नाही.

मुक्ता माझी मुलगी. दहावीपर्यंत पोहली, मग सोडलं. मी बोललो नाही, पण मला ते लागलं होतं. ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना एके दिवशी जेवताना म्हणाली, "बाबा, मला पंच व्हायचंय." जेवण उरकून मी कपाटातलं नियमांचं पुस्तक काढलं, धूळ झटकली, तिच्यापुढे ठेवलं. कुठून सुरुवात करायची ते मनात जुळवत होतो, तोवर ती म्हणाली, "नाही, म्हणजे... मी विजयाताईंच्या दापोडीच्या रविवारच्या बॅचला नाव दिलंय. ती त्या एकट्याच घेतात."

"अगं पण घरात मी आहे ना?"

बायको आतून म्हणाली, "अहो, तुम्ही तिला स्कूटर शिकवली होती ते आठवतंय का? दोन महिने बोलत नव्हती तुमच्याशी."

मुक्ता दर रविवारी दापोडीला जाऊ लागली. परत आली की विजयाताई असं म्हणाल्या, विजयाताई तसं म्हणाल्या. घरातल्या दिवाणखान्याच्या भिंतीवर तिच्या हातांचे ठसे उमटले. मी ते पुसले नाहीत, पण माझ्या घरात त्या बाईंनी येऊन ठेवलेले हात असल्यासारखे ते मला दिसत राहायचे.

मग ती निवड स्पर्धा आली. जिल्ह्याच्या संघात कोण जाणार ते त्या दिवशी ठरायचं होतं. मी रेफरी होतो, विजयाताई वळणाच्या पंचांच्या प्रमुख, आणि मुक्ता त्यांच्या हाताखाली पहिल्यांदाच महत्त्वाच्या स्पर्धेत उभी होती. मुलांच्या ब्रेस्टस्ट्रोकची शर्यत. मुक्ताच्या लेनमधला मुलगा सगळ्यांत पुढे. वळणाशी तो आला, पाणी उडालं, तो वळला आणि मुक्ताचा हात वर गेला.

गॅलरीत एकदम गलका झाला. शर्यत संपायच्या आत मुलाचे वडील जिना उतरून कठड्याशी आले. मोठ्या बांधकामाच्या धंद्यातला माणूस, दोन माणसं बरोबर. "ओ रेफरी साहेब, ती पोरगी तुमचीच ना? काल शिकली आणि आज आमच्या पोराचं करिअर संपवती का?"

मी त्यांना हातानं थांबवलं आणि मुक्ताकडे गेलो. विजयाताई आधीच तिथे होत्या, तिच्यापासून दोन पावलं मागे. मला वाटलं, मुक्तानं ठाम राहावं. तिनं तो नियम धडाधड म्हणून दाखवावा, मी बाद म्हणून जाहीर करावं आणि त्या माणसाचं तोंड बंद व्हावं. सुधीर सरांची मुलगी आहे हे सगळ्यांना कळावं.

"काय पाहिलंस?" मी विचारलं.

"दोन्ही हात एकदम लागले नाहीत."

"आधी कोणता लागला?"

वडील कठड्यावरून ओरडतच होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मान मागे वळवून विजयाताईंकडे. विजयाताईंनी काही खूण केली नाही. नुसत्या उभ्या होत्या, बस येण्याची वाट बघत उभ्या राहाव्यात तशा.

"सर," मुक्ता म्हणाली. डेकवर ती मला सर म्हणायची. "मला सांगता येत नाही. पाणी उडालं होतं. माझा हात आधी वर गेला आणि मग मी विचार केला. मला दिसलं नाही."

शंका असेल तर फायदा पोहणाऱ्याचा. मी मुलाला बाद केलं नाही. तो पहिला आला. वडिलांनी दोन्ही हात वर करून गॅलरीकडे पाहिलं आणि दुसऱ्या आलेल्या मुलाचा प्रशिक्षक मला ऐकू जाईल असं म्हणाला, "घाबरली पोरगी. बापानं पण पाय मागे घेतला राव."

मुक्ता रडवेली झाली होती. तिला आता सावलीत बसवावं, पाणी द्यावं, पुढच्या शर्यतीला दुसऱ्या कुणाला उभं करावं, असं मी ठरवत होतो. तेवढ्यात विजयाताईंचा भूगोलाच्या वर्गातला आवाज आला. "मुक्ता, त्याच लेनला उभी राहा. पुढची शर्यत सुटायलीय."

ती उभी राहिली.

विजयाताई मग त्या प्रशिक्षकाकडे गेल्या. "काय बोलायचंय ते मला बोला. तिला मी शिकवलंय. घाबरली असती तर खोटं रेटलं असतं. ते सोपं होतं. एवढ्या लोकांत मला दिसलं न्हाई म्हणायला किती जिगर लागती, ते तुम्ही एकदा म्हणून बघा."

प्रशिक्षक तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलून निघून गेला. बाकीचा दिवस मुक्ता त्याच लेनला उभी होती. दुपारनंतर तिनं आणखी एकदा हात वर केला, एका मुलीसाठी. मी विचारलं तेव्हा न अडखळता सांगितलं, "उजवा हात लागला तेव्हा डावा छातीखाली होता." मी त्या मुलीला बाद केलं. मुक्ताचे डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता.

घरी जाताना गाडीत मी तिला म्हटलं, "आज छान केलंस. सकाळी मला वाटलं होतं तू ठाम राहशील, पण..."

"बाबा, एक सांगू? रागावणार नसाल तर."

"सांग."

"मागे विजयाताईंच्या जागी तुम्ही उभे असतात ना, तर मी ठामच राहिले असते. डावा हात आधी लागला म्हणाले असते. एकट्या तुमच्यासमोर चुकले म्हणायला मला जमलंच नसतं."

सिग्नल लागला होता. तो सुटला, मागच्यानं हॉर्न वाजवला, तरी मला गाडी पुढे घ्यायचं सुचेना. त्या दिवशी मला विजयाताईंचा जो हेवा वाटला, त्यात आधीच्या हेव्यासारखी चुरस नव्हती. प्रशांत तिकडे गेला, बॅचेस गेल्या, नाव गेलं, ते चाललं असतं. पण माझ्या मुलीला खरं बोलायला त्या बाई मागे उभ्या असाव्या लागतात, आणि मी मागे असलो तर ती खोटं बोलेल. याला काय करायचं?

मी काहीच केलं नाही. विजयाताईंशी माझं बोलणं नेहमीसारखंच राहिलं. त्या मला सर म्हणायच्या, मी त्यांना ताई म्हणायचो, सकाळी त्यांची भाकरी खायचो. एकदा चटणी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "मुक्ताला नियम एवढे कसे पाठ, मला नवल वाटायचं. परवा म्हणली, लहानपणी बाबा झोपवताना गोष्टीऐवजी हेच सांगायचे. ते काही मी दिलेलं न्हाई हो, सर." माझी समजूत काढायला बोलल्या की सहज, मला ठरवता आलं नाही. त्यांना दिसत होतं एवढं मात्र नक्की. भिंतीला टेकणारे हात ज्यांना दिसत, त्यांना शेजारी बसून भाकरी खाणाऱ्या माणसाचं तोंड दिसलं नसेल होय?

निवृत्त झाल्यावर त्या परभणीला गेल्या. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि मिस्टरांनाही गावाकडे परतायचं होतं. निरोपाला संघटनेनं शाल दिली. भाषण करा म्हटलं तर त्या म्हणाल्या, "दुपारच्या शर्यतींना माणसं कमी आहेत, आधी ते बघा." नवे पंच तयार करायचं काम एकट्या माझ्याकडे आलं. इतकी वर्षं मला जे हवं होतं ते मिळालं आणि पहिल्याच रविवारी मी व्हरांड्यातल्या भिंतीसमोर दहा माणसं उभी करून "हात बघा, हात" असं ओरडत होतो. तेही त्यांचंच.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या उन्हाळ्यात. भाचीच्या लग्नासाठी त्या चिंचवडला आल्या होत्या आणि लग्न आटोपून थेट तलावावर आल्या. मी रेफरी होतो, मुक्ता पलीकडच्या टोकाला वळणावर. गॅलरीत पालकांच्या गर्दीत मोरपंखी साडी नेसलेल्या बाई कोण म्हणून मी बघत राहिलो. त्यांना पांढऱ्याशिवाय दुसऱ्या रंगात मी फारसं पाहिलेलंच नव्हतं. मी हातानं खाली या म्हणून खुणावलं. त्यांनी साडीकडे बोट दाखवून मान हलवली आणि तिथेच बसल्या.

मुलींची लांब पल्ल्याची शर्यत चालू होती. सगळ्या मुली पोहून संपल्या, बाहेर आल्या, टॉवेल गुंडाळून उभ्या राहिल्या. एकच मुलगी पाण्यात उरली. तिचे हात जड झाले होते, मान वाकडी पडत होती, आणि अजून अख्खी एक फेरी बाकी होती. लोक मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. तेव्हा विजयाताई उठून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या.

"ये लेकरा! ये! आलीस की! अजून थोडं!"

आधी शेजारच्या दोन बायका हसल्या, मग त्याही टाळ्या वाजवायला लागल्या. मग ओळच्या ओळ. बघता बघता सगळी गॅलरी उभी होती, आणि ती मुलगी, जिला इतका वेळ कुणी पाहत नव्हतं, ती पुन्हा जोरात पाय मारायला लागली. विजयाताई कठड्यावरून अर्ध्या बाहेर वाकल्या होत्या, पदर खांद्यावरून घसरला होता, आवाज बसला होता. इतकी वर्षं त्यांनी हे कुठे दाबून ठेवलं होतं कोण जाणे. डेकवरच्या पंचानं कुणासाठीही टाळी वाजवायची नसते, पहिल्यासाठी नाही आणि शेवटच्यासाठीही नाही. पलीकडच्या टोकाला मुक्ता सरळ उभी होती, नजर भिंतीवर, आणि तिचा चेहरा हसत होता की रडत होता ते मला एवढ्या लांबून दिसलं नाही.

मुलीनं भिंतीला हात लावला. तलाव नुसता दणाणला. विजयाताई वर दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होत्या, आणि मी खाली, पांढऱ्या कपड्यांत, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभा होतो.